कोरियन मून जार चाकावर: दोन वाट्या आणि मधला सांधा

मून जार, म्हणजे मोठा, गोल, पांढरा घडा, एका दमात चाकावर ओढून होत नाही. दोन खोल वाडगे वेगवेगळे करायचे आणि नारळाच्या दोन वाट्या परत जुळवाव्यात तसा एकावर दुसरा पालथा घालून काठाला काठ जोडायचा. कोरियात जोसॉन राजवटीत, सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकात, हे घडे असेच घडले. सोलजवळ ग्योंगी प्रांतातल्या ग्वांगजूमध्ये दरबारासाठी पांढरं पोर्सेलीन करणाऱ्या भट्ट्या होत्या. पोर्सेलीनची माती हाताला लोण्यासारखी लागते, पण तिच्या अंगात ताकद कमी. ४० सेंटीमीटरहून उंच गोल पोट तिच्यात एकसंध उभं राहत नाही, खांद्याशी बसतं. दोन वाट्यांची युक्ती आली ती या अडचणीतून. भट्टीत सांध्याशी पोट थोडं सुटतं, गोल किंचित कलतो, आणि त्या कललेपणामुळेच याला ‘दलहांगारी’, म्हणजे चंद्राचा घडा, हे नाव शोभतं.

आजच्या स्टुडिओ पॉटरीत हा आकार आला कसा, ते थोडक्यात. बर्नार्ड लीच या इंग्रज कुंभारानं १९३५ साली सोलमध्ये असा एक घडा विकत घेतला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो लंडनला लूसी री या कुंभार बाईंकडे गेला आणि १९९५ मध्ये ती वारली तोपर्यंत तिच्याच स्टुडिओत राहिला. आता तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिकडे कोरियात चित्रकार किम ह्वान-कीनं हाच आकार पुन्हापुन्हा रंगवला. २०१८ च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकची ज्योतही मून जारच्या आकाराच्या पात्रात पेटली. आज क्वोन दे-सूप ग्वांगजूतच लाकडाच्या भट्टीत पांढरे घडे भाजतात. वेल्समधले अ‍ॅडम ब्युइक मातीत आसपासचे दगड मिसळतात. लंडनच्या आकिको हिराई यांच्या घड्यांवर खडबडीत थर चढलेले असतात. पृष्ठभाग प्रत्येकाचा वेगळा, पण सांध्याचं गणित सगळ्यांना सारखंच.

पहिल्यांदा करताना ४० सेंटीमीटरच्या मागे लागू नका. भाजून २८ सेंटीमीटर रुंद होईल एवढाच घ्या. याहून लहान केला तर आत हात जात नाही, मोठा केला तर वाटी पालथी घालायला दोन माणसं लागतात.

माती आणि हिशेब

चाकावर हात पुरता बसला नसेल तर पोर्सेलीन टाळा आणि पांढरी स्टोनवेअर माती घ्या. मात्र ती तुमच्या भट्टीच्या तापमानाची असली पाहिजे. हे तापमान कोनमध्ये सांगतात: कोन म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारी छोटी सुळकी, जी भट्टीत ठेवतात. कोन ६ ची माती त्याहून तापलेल्या कोन १० ला भाजली तर सांधा कितीही पक्का असो, घडा बसणार.

आधी माती किती आकसते ते मोजा. १२ सेंटीमीटर लांबीची पट्टी लाटा, ओली असतानाच तिच्यावर बरोबर १० सेंटीमीटरची रेघ ओढा, शेवटच्या तापमानाला भाजा आणि रेघ पुन्हा मोजा. ८.८ भरली तर आकसणं १२ टक्के. मग २८ सेंटीमीटरच्या घड्यासाठी ओल्या मातीत २८ भागिले ०.८८, म्हणजे जवळजवळ ३२ सेंटीमीटर व्यास हवा. पिशवीवर छापलेला आकडा विश्वासाला ठीक आहे, पण तुमच्या भट्टीचा आकडा तुमच्या पट्टीवरच कळतो.

खालच्या वाटीला साडेतीन किलो माती, वरचीला तीन. खालचीला अर्धा किलो जास्त, कारण तिचं बूड जाड ठेवून नंतर त्यातूनच पाय, म्हणजे घडा ज्यावर टेकतो ते कडं, कोरायचा आहे. दोन्ही गोळे एकाच पिशवीतले, एकाच वेळी मळलेले हवेत. आणि जमत असेल तर एका बैठकीत दोन जोड्या करा. चार वाट्यांतल्या कुठल्या दोन जुळतात ते दुसऱ्या दिवशी कळतं.

दोन्ही वाट्या बॅटवर, म्हणजे चाकावर बसणाऱ्या सुट्या फळीवर, करायच्या. ४० सेंटीमीटरची प्लायवूडची बॅट चालते. वरच्या वाटीसाठी प्लास्टरची बॅट मात्र चुकूनही नको. प्लास्टर पाणी शोषून घेतं आणि माती आपोआप सुटते. वाटी उलटी धरलेली असताना ती सुटली की तीन किलो माती थेट खालच्या वाटीत कोसळते.

दोन वाट्या

खालची वाटी आधी घ्या. बूड १५ मिलिमीटर जाड ठेवा, लाकडी रिबनं (माती दाबायच्या-घोटायच्या चपट्या तुकड्यानं) दाबून घ्या. दाब कमी पडला तर पुढे बुडाला एस आकाराची चीर जाते. भिंत आधी सरळ वर ओढा, नळकांड्यासारखी, आणि पोट शेवटी बाहेर काढा. सुरुवातीलाच पसरवली तर काठ पातळ होऊन लडबडतो. आतली खोली १६ सेंटीमीटर, काठाचा बाहेरचा व्यास ३२. भिंत साधारण ८ मिलिमीटर, पण काठाचे शेवटचे तीन सेंटीमीटर १२ मिलिमीटर जाड ठेवा. सांधा याच जाडीवर तगतो.

सगळ्यात जास्त घडे बिघडतात ते काठाच्या दिशेमुळे. शेवटचे तीन सेंटीमीटर भिंत उभी हवी, परातीच्या काठासारखी बाहेर कललेली नको. दोन पसरट काठ एकमेकांवर आले की पोटावर धार येते आणि चंद्राच्या जागी उडती तबकडी तयार होते. ती नंतर कितीही थापटली तरी जात नाही. वाटी वरून सुंदर दिसते म्हणून थांबू नका. डोळा काठाच्या पातळीला आणा आणि बाजूनं बघा.

आता काठावर बोटानं व्ही आकाराची उथळ खाच पाडा, चार मिलिमीटर खोल. कॅलिपरनं (व्यास मोजायच्या दोन पायांच्या चिमट्यानं) व्यास धरा आणि कॅलिपर हलवू नका. वाटीखालून तार फिरवून घ्या, पण वाटी बॅटवरून उचलू नका.

वरची वाटी बिनबुडाची. गोळा मध्यावर आणल्यावर थेट बॅटपर्यंत उघडा, आतलं भोक १३ सेंटीमीटरचं ठेवा. बॅटला चिकटलेलं हे कडं १५ मिलिमीटर जाड राहू द्या, याचंच पुढे घड्याचं तोंड होणार आहे. खोली १५ सेंटीमीटर, काठाचा व्यास त्याच कॅलिपरनं तपासलेला. इथे काठावर खाचेऐवजी उंचवटा, म्हणजे दोन्ही एकमेकांत बसतील. हिच्याखालून तार फिरवायची नाही. बॅटला चिकटून राहणं हेच तिचं काम.

दोन व्यासांत दोन मिलिमीटरपर्यंत फरक चालतो. तीन-चार मिलिमीटर असेल तर लहान काठ ओला करून, चाक सावकाश फिरवत आतून बोटानं वाढवा. मोठा काठ दाबून लहान करू नका, त्यात सुरकुती पडते आणि ती भट्टीत उघडते.

थांबणं

दोन्ही वाट्या आता सारख्याच कडक व्हायला हव्यात. ओल्याला ओलं जोडलं तर घडा खचतो, सुक्याला सुकं जोडलं तर चिकटत नाही. आणि ओल्याला सुकं जोडलं तर आठवडाभर सगळं ठीक दिसतं आणि मग सांध्यावर केसासारखी आडवी रेघ उमटते. कारण साधं आहे: ओली बाजू अजून आकसायची असते आणि सुकी बाजू आकसून झालेली असते.

काठ पातळ, उघडा आणि वाऱ्याला आधी लागणारा, म्हणून तो बुडाच्या आधी सुकतो. आपल्याला नेमकं उलटं हवं आहे. प्लास्टिकच्या पिशवीची चार बोटं रुंद पट्टी कापून काठाभोवती गुंडाळा, बाकी वाटी उघडी ठेवा. पंखा बंद. पुण्याच्या एप्रिलमध्ये चार-पाच तासांत काम होतं, मुंबई-रत्नागिरीच्या जुलैत दीड-दोन दिवस जातात. घड्याळ बघू नका, अंगठा लावा. पोटावर दाबल्यावर ठसा उमटावा पण भिंत आत जाऊ नये. बॅटसकट वाटी तिरकी केली तर काठाचा गोल तसाच राहावा. काठ मात्र अजून जरा मऊ असावा, नखानं सहज ओरखडा पडेल इतका.

जोडणी

स्लिप त्याच मातीची करा. त्या मातीचा सुका चुरा पाण्यात भिजवा, दह्याइतका घट्ट घोळ करा आणि वाटीभर घोळात चमचाभर व्हिनेगर घाला. पातळ स्लिप ही सांध्याची शत्रू. तिच्यात पाणी जास्त असतं, ते काठात मुरतं आणि नेमक्या त्याच पट्ट्यात माती जास्त आकसते.

खालची वाटी बॅटसकट चाकावर मध्यावर आणा आणि मातीच्या गोळ्यांनी पक्की करा. दोन्ही काठांवर काट्याच्या चमच्यानं आडवे-उभे ओरखडे काढा. स्लिप लावा, मिनिटभर थांबा, पुन्हा पातळ थर द्या. वरची वाटी बॅटसकट उचला, उलटी करा आणि सरळ वरून खाली आणा. टेकताना डोळा सांध्याच्या पातळीवर हवा, म्हणून हे काम उभं राहून करू नका. एका बाजूला काठ बाहेर दिसला तर लगेच, पहिल्या काही सेकंदांतच, सरकवा. नंतर सरकवलं तर स्लिप पुसली जाते.

बॅट अजून वर आहे, म्हणजे घड्याचं तोंड बंद आहे आणि आत हवा कोंडलेली आहे. या हवेचा उपयोग करून घ्या. ती भिंतीला आतून आधार देते. चाक अगदी सावकाश फिरवत सांध्यावर चपट्या लाकडी फळीनं हलके थापटा. दोन फेऱ्या पुरेत. मग लाकडी रिबनं बाहेर आलेली स्लिप वर-खाली पसरा. आता वरच्या बॅटखालून तार ओढा आणि बॅट काढा. बाही वर करून हात आत घाला. आतून बोटानं सांधा दाबताना दुसरा हात बाहेरून त्याच जागी आधाराला ठेवा. सांध्यावर आतून करंगळीइतकी मातीची वळी दाबून बसवली तर आणखी चांगलं.

थापटण्यावरून आठवलं. आपल्याकडच्या कुंभारांनी याच प्रश्नाला वेगळंच उत्तर काढलं. माठ चाकावर जाड भिंतीचा आणि बिनबुडाचा काढायचा, मग आत गोल दगड धरून बाहेरून थापटण्यानं ठोकत ठोकत भिंत पातळ करायची, पोट फुगवायचं आणि बूड मिटवून टाकायचं. सांधा नाहीच. गोरोबाकाकांनी संतमंडळींची डोकी कच्ची की पक्की हे पाहिलं, तेही याच थापटण्यानं. मून जारच्या पोटाचा गोल बिघडला असेल तर ही पद्धत उपयोगी पडते: आत मुठीत गुळगुळीत गोटा, बाहेर थापटणं. फक्त सांध्याच्या रेषेवर जोर लावू नका, तिच्या वर आणि खाली ठोका.

तोंड आणि पाय

जोडल्यावर घडा प्लास्टिकखाली एक पूर्ण दिवस झाकून ठेवा. त्या दिवसात वरचा आणि खालचा ओलावा एक होतो. मग तोंडाच्या जाड कड्याला पाणी लावून चाकावर दोन-तीन सेंटीमीटरची बुटकी कड ओढा. उंच गळा काढायचा मोह होतो, पण तो काढला की आकार बरणीचा होतो. जुन्या घड्यांची कड तिरकी, आखूड आणि जराशी बाहेर झुकलेली असते.

पाय कोरायला घडा उलटा करायचा. तोंडावर उभा करू नका. बादलीच्या तोंडाएवढं जाड मातीचं कडं करून त्यावर खांदा टेकवा, म्हणजे वजन काठावर येत नाही. पायाचा व्यास तोंडापेक्षा थोडा कमी ठेवा, इथे ११-१२ सेंटीमीटर. त्यामुळे घडा जमिनीवरून उचललेला वाटतो. हा फरक सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचाच आहे, पण घडा जड दिसतो की तरंगता दिसतो हे त्यावर ठरतं.

सांधा पुसायचा की ठेवायचा? पुसला तरी भट्टीत तो अंधुक वर येतो, कारण त्या रेषेवर मातीचे कण वेगळ्या दिशेनं बसलेले असतात. आमचं मत: हातानं कळेल पण लांबून दिसणार नाही इतका राहू द्या. धातूच्या रिबनं घासून आरशासारखा केलेला मून जार आणि साच्यात ओतलेला दिवा यांत मग फरक उरत नाही.

पृष्ठभागाला स्थानिक काही हवं असेल तर सह्याद्रीचा काळा दगड हाताशी आहे. बसाल्टमध्ये लोह भरपूर असतं, कोन १० ला त्याचे कण वितळून ग्लेझमधून (काचेसारख्या लेपातून) तपकिरी-काळे ठिपके वर येतात. खडी फोडणाऱ्या क्रशरची बारीक कच एक मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा आणि मळतानाच वजनाच्या दोन टक्के मिसळा. आधी चाचणीच्या तुकड्यावर बघा. प्रमाण वाढलं तर ठिपक्यांचे ओघळ होतात आणि माती फुगते.

सुकवणं आणि पहिली भाजणी

दोन ते तीन आठवडे द्या. पहिला आठवडा प्लास्टिक सैल पांघरलेलं, नंतर फक्त सांध्यावर ओढणीसारखा सुती कपडा. दोन दिवस सलग वजन घटलं नाही म्हणजे घडा सुकला. स्वयंपाकघरातला काटा पुरतो. घडा भट्टीत फुटतो तो मातीतल्या हवेच्या बुडबुड्यामुळे, असं सर्रास सांगितलं जातं. फोडते ती उरलेल्या पाण्याची वाफ. म्हणून ९५ अंश सेल्सिअसला चार तास भट्टी थांबवा. तिथपर्यंत ताशी ६० अंश, पुढे ६०० पर्यंत ताशी १००, कारण ५७३ अंशांना मातीतली क्वार्ट्‌झ अचानक फुगते. त्यानंतर ताशी १५० नं ९८० पर्यंत. थंड होताना १०० अंशांच्या खाली येईतो झाकण उघडू नका.

ग्लेझ

लीचच्या नावानं चालणारी ४-३-२-१ कृती कोन १० साठी अजून तितकीच भरवशाची आहे: पोटॅश फेल्डस्पार ४०, सिलिका ३०, व्हायटिंग (खडूची पूड) २०, चायना क्ले १०. या घड्याला सुकी पूड तीन किलो घ्या. पाणी घालून ८० मेशच्या चाळणीतून दोनदा गाळा. लिटरभर ग्लेझचं वजन १४५० ग्रॅमच्या आसपास भरलं म्हणजे दाटपणा जमला. पूड मोजताना एन-९५ मास्क लावा आणि ओटा झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. सिलिकाची धूळ फुफ्फुसात गेली की परत येत नाही.

पायाच्या कड्याला मेण लावा. आधी आत लिटरभर ओता, घडा गोल फिरवत सगळीकडे पोचवा आणि लगेच उपडा करा. मग एक दिवस थांबा. भिंत आतून ओली असताना बाहेरून ग्लेझ ओतलं तर ते चिकटत नाही आणि भट्टीत गोळा होऊन मागे सरकतं. दुसऱ्या दिवशी घडा दोन पट्ट्यांवर उलटा ठेवून, फिरवत, मोठ्या जगनं एका दमात ओता. थर एक मिलिमीटरच्या वर गेला की सांध्याच्या खालच्या बाजूला ओघळतो.

विजेच्या भट्टीत रंग सायीसारखा, पिवळटसर येतो. गॅस किंवा लाकडाच्या भट्टीत हवा कोंडून भाजलं तर मातीतल्या किंचित लोहामुळे निळसर झाक येते. जोसॉनच्या घड्यांत दोन्ही छटा सापडतात, कधी एकाच घड्याच्या दोन अंगांना. शेवटचे १०० अंश ताशी ६० नं चढवले तर कोन १० साधारण १२८५ ला वाकतो. पण विश्वास आकड्यावर नाही, कोनवर ठेवा, आणि दोन ठेवा: एक वर, एक घड्याच्या पायाशी.

घडा बाहेर आल्यावर

सांध्यावर आडवी चीर दिसली तर दोष बहुतेक वेळा जोडणीच्या दिवशीचा, भट्टीचा नाही. वाट्यांचा ओलावा जुळला नव्हता किंवा स्लिप पातळ होती. चिरेच्या कडा गोलसर आणि ग्लेझनं भरलेल्या असतील तर ती भाजण्याआधीच पडली होती. कडा धारदार असतील तर थंड होताना पडली, म्हणजे झाकण लवकर उघडलं. खांदा बसला असेल तर वरची वाटी पातळ होती किंवा भट्टी कोनच्या पुढे गेली. एकाच बाजूला कलला असेल तर बहुतेक वेळा शेल्फ सपाट नव्हता. थोडा कल राहू द्या, पण हात लावल्यावर डुलत असेल तर तो घडा घरात ठेवायचा नाही.

तुकडे झाले तरी फेकू नका. १९९५ मध्ये जपानच्या नारा शहरात तोदाइजी मंदिराच्या आवारातून एक जुना मून जार चोरणाऱ्यानं तो आपटून ३०० हून अधिक तुकडे केले. ते सगळे वेचून पुन्हा जोडलेला घडा आज ओसाकाच्या प्राच्य मृत्पात्र संग्रहालयात आहे. आपल्या घड्याच्या तुकड्यांना तेवढं भाग्य नको, पण सांध्यातून उभा छेद बघता येतो. आतली वळी भिंतीत मुरली आहे की नुसती चिकटून बसली आहे, हे तिथे स्पष्ट दिसतं.

न फुटलेल्या घड्याचा पाय सिलिकॉन कार्बाइडच्या दगडानं पाणी लावून घासा, नाहीतर लाकडी टेबलावर ओरखडे पडतात. मग काठोकाठ पाणी भरून जुन्या वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवा. सकाळी कागदावर पायाचं ओलं कडं उमटलं असेल तर माती पुरती पिकलेली नाही. त्यात पाणी ठेवू नका, आणि पुढच्या वेळी अर्धा कोन वर जा.